सहीची शेपटी

आमच्या भाऊजींच्या सहीला एक शेपटी आहे. ताईचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होते आणि नव्या भाऊजींना छळायचा हक्क मी पुरेपूर बजावत होते. त्यांच्या सहीची नक्कल करून त्यांना चकवायचं म्हणून मी अख्खी वही भरली. एकही जमली नाही. भाऊजींनी वही चाळली आणि म्हणाले, "मेहुणीबाई, ही सही कुणाच्या बापाला जमायची नाही. म्हणून तर अशी केलीय."

भाऊजी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. गावात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे, पेंटर म्हटलं की तेच. पाटी पुरी झाली की उजव्या कोपऱ्यात सही. आधी अक्षरं, मग त्यांच्या डोक्यावरून सरळ ओढलेली रेघ, आणि ब्रश न उचलता तीच रेघ खाली वळवून अक्षरांच्या पोटाखालून मागे नेलेली शेपटी. सगळं एका दमात. बँकेत खातं उघडताना त्यांनी हीच सही केली. तिथला कारकून म्हणाला, साधी केलीत तरी चालेल. त्यावर भाऊजींचं उत्तर होतं, "साधी सही साध्या माणसांनी करावी." एरवी गरीब स्वभावाचा माणूस, पण सहीच्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

खातं उघडायला लावणारी मीच. कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसून माझी पैशाच्या बाबतीत जीभ जरा जास्तच चालते. मी त्यांना बजावलं होतं, पाटीचे पैसे आले की आधी बँकेत, मग घरात. त्यांनी ते ऐकलं. पोटाला चिमटा काढून दर पाटीमागे थोडे थोडे टाकत गेले आणि त्याची मुदत ठेव झाली. माझ्या बाकीच्या दोन गोष्टी मात्र त्यांनी वाऱ्यावर सोडल्या. छापील फलकांची यंत्रं आली तेव्हा यंत्रवाल्या मालकाने स्वतः बोलावून कॉम्प्युटरवर बसा म्हटलं होतं, बांधलेला पगार, पुढेमागे भागीदारी. भाऊजी म्हणाले, "माऊसच्या मागे लागायला मी काय मांजर आहे?" मी दातओठ खाल्ले. दुसरी गोष्ट म्हणजे ठेवीवर ताईचंही नाव घाला. त्यावर, "तिची सही म्हणजे पहिलीतल्या पोरीची. माझ्या सहीशेजारी कशी दिसेल?" ताई खो खो हसली, मीही हसले आणि ते तसंच राहिलं.

मग एक दिवस भाऊजींनी काम बंद केलं. डोळे थकले, असं सगळ्यांना सांगितलं. डोळे ठणठणीत होते, हात थरथरायला लागला होता. त्यांच्या शर्टाची बटणं ताई लावायची, पण तिने मलाही पत्ता लागू दिला नाही.

या वर्षी ताई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन याच आठवड्यात झालं पाहिजे, नाहीतर बाई परत पायावर उभी राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आणि आधी पैसे भरा, मग तारीख, असं दवाखान्यात पैसे घेणाऱ्या खिडकीवरच्या माणसाने. माझ्याकडे असते तर मी उभ्या उभ्या दिले असते, पण माझी पुंजी गेल्याच वर्षी घरात घातली होती. ताईला काळजी नव्हती. पडल्या पडल्या म्हणाली, "आपली ठेव आहे ना. जा, सही करून मोडून आणा."

बँकेतल्या खिडकीवर एक तरुण मुलगा होता. त्याने पडद्यावर जुनी सही काढली. काय ऐटीत बसली होती ती तिथे. भाऊजींनी पेन धरलं. पहिलं अक्षर बरं आलं, डोक्यावरची रेघ डगमगली आणि शेपटी मधेच कुठेतरी लोंबकळली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा कागद फाटला.

"काका, घाई नाही. आरामात करा," तो म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. शेवटी तो म्हणाला, "नाही हो जुळत. साधी सही असती तर मी थोडं सांभाळूनही घेतलं असतं."

"मग नवीन सही नोंदवा," मी म्हटलं.

"नोंदवता येते. पण त्या अर्जावर जुनी सही लागते. नाहीतर डॉक्टरांचा दाखला जोडून मुख्य कार्यालयात पाठवायचं. दोन-तीन आठवडे जातात."

भाऊजींनी विचारलं, "वारस म्हणून हिच्या बहिणीचं नाव लावलंय ना मी? मग तिला द्या पैसे."

"काका, ते खातेदार नसेल तेव्हा."

"म्हणजे मी मेलो तर आज मिळतील?"

"आज नाही मिळणार. मृत्यूचा दाखला लागतो," तो मुलगा बोलून गेला आणि मग त्याने जीभ चावली. भाऊजींना हसू आलं, मलाही आलं. पण ते फार टिकलं नाही.

तोच मग हळूच म्हणाला, "एक मार्ग आहे. साहेबांसमोर अंगठा द्या, या मॅडम साक्षीदार राहतील. आजच्या आज काम होईल."

भाऊजी उठले. "मी अंगठेबहाद्दर नाही," म्हणाले आणि चालू लागले.

बँकेसमोरच्या चपलांच्या दुकानावर त्यांची पाटी अजून आहे, गावातली बहुतेक शेवटचीच. मी तिच्याखालीच त्यांना गाठलं आणि तोंड सोडलं. ताई तिथे कण्हत पडलीय, आणि तुम्ही कसले मान मिरवताय? ते वर न बघता म्हणाले, "उद्या जमेल. सकाळी हात जरा शांत असतो."

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले तर स्वयंपाकघराच्या टेबलावर जुन्या कॅलेंडरांची पानं पालथी पसरलेली. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट दाबून भाऊजी सह्या करत होते. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांचं कोपर धरून बघितलं, तर आम्हा दोघांची मिळून जी सही आली ती ना त्यांची होती ना माझी. मग त्यांनी पेन माझ्यापुढे सरकवलं. "लहानपणी फार गिरवायचीस. बघ जमते का."

हे गैर आहे हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. तरी मी करून बघितली. पुन्हा पुन्हा केली. शेपटी काही वळेना.

"कुणाच्या बापाला जमायची नाही म्हणालो होतो ना मी," ते म्हणाले आणि पानं गोळा करायला लागले. इतकी वर्षं या माणसाला मी पैशाचं शहाणपण शिकवत आले आणि आज त्यांच्याबरोबर पानं उचलत होते.

सकाळी बँकेत त्यांनी पेनाला हातच लावला नाही. साहेबांच्या टेबलावर अर्ज होता आणि त्यातला मजकूर मी मोठ्याने वाचायचा होता, तसा नियमच आहे. "खातेदारास सही करता येत नाही. वरील मजकूर मी त्यांना वाचून दाखवला व तो त्यांना समजला." भाऊजींनी मान हलवली. खाली मी माझी सही केली, साधी, बिनशेपटीची. डावा अंगठाही थरथरत होता, पहिला ठसा फिसकटला. मग त्या खिडकीवरच्या मुलाने येऊन त्यांचं मनगट धरलं आणि अंगठा दाबला.

"यापुढे दर वेळी काकांना स्वतः यावं लागेल," साहेब म्हणाले. "सही आता चालणार नाही."

पैसे भरले. ऑपरेशन दुपारी ठरलं. ताईला आत न्यायची तयारी चालली होती तेवढ्यात आम्ही पोचलो. भाऊजींनी डावा हात खिशात घातला होता.

"जुळली का हो सही?" ताईने विचारलं.

"न जुळायला काय झालं?"

"शेपटीसकट?"

"शेपटीसकट."

ताईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काही लपत नाही, लहानपणापासून लपलेलं नाही. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"बसा इथे," ती भाऊजींना म्हणाली. ते बसले. तिने त्यांचा हात खिशातून ओढून काढला आणि तो निळा अंगठा उजेडाकडे करून नीट बघितला, त्यांची पाटी रंगवून झाली की ती रस्त्यापलीकडून बघायची तसा.

"छान आलीय," ती म्हणाली.