उत्तर नाक्याचा आकडा

उत्तमराव गावंडे बडनेऱ्याजवळच्या एका रेल्वे फाटकावर एकतीस वर्षं गेटमन होते. एवढ्या वर्षांत त्यांच्या फाटकात साधी बैलगाडीही अडकली नाही. त्याचं श्रेय ते प्रायव्हेट नंबरला देत. फाटक बंद केल्यावर गेटमनने स्टेशन मास्तरला नुसतं 'बंद केलं' म्हणून भागत नाही. जवळच्या यादीत उलटसुलट आकडे छापलेले असतात; त्यातला पुढचा आकडा सांगायचा, सांगितला की खोडायचा. मास्तर तो लिहून घेणार, मगच गाडीला सिग्नल मिळणार.

"तोंड सवयीनं हो म्हणते," उत्तमराव सांगत. "आकडा सांगाले यादीत पाहा लागते. पाहता पाहता माणूस जागा होते."

निवृत्तीनंतर त्यांना नांदगाव पेठच्या एमआयडीसीत वॉचमनची नोकरी लागली. कंपनी छोटी रॉकेटं बनवायची. कंपनी उभी केली होती रागिणी सपकाळ हिने. मुलगी अकोल्याची, वय तिशीच्या आतलं. पहिल्या उड्डाणाच्या परवानगीचा मसुदा घेऊन ती एक दिवस डोकं धरून बसली होती. त्यात एक अट होती : धोक्याचं क्षेत्र निर्मनुष्य असल्याची खात्री उड्डाण करणाऱ्याने करावी. कोणाला इजा झाली तर भरपाईही त्यानेच द्यावी. खात्री कशी करायची, ते मात्र लिहिलेलं नव्हतं.

उत्तमरावांनी चहा ठेवता ठेवता विचारलं, "रस्ते किती येतात तिथं, मॅडम?"

"चार."

"मंग चार माणसं, चार याद्या. त्यात काय!"

रेल्वेच्या पद्धतीत त्यांनी एक फरक केला. प्रत्येक नाक्याची यादी वेगळी ठेवली आणि चारही याद्यांची नक्कल स्वतःच्या खिशात. रागिणीने ही पद्धत अर्जात जशीच्या तशी लिहिली, ती मंजूर झाली, आणि वॉचमन उत्तमराव कंपनीचे सुरक्षा अधिकारी झाले. त्यांच्या होकाराशिवाय बटण दाबायचं नाही, हेही त्याच कागदात आलं.

उड्डाण दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात होतं. मे महिन्यात तिथली शेतं मोकळी असतात. नजर जाईल तिथवर काळी, भेगाळलेली जमीन. परवानगी एकाच दिवसाची, सकाळी सात ते नऊ. ती हुकली तर नवा अर्ज करायचा, आणि तो मंजूर होईपर्यंत पावसाने तिथे चिखल झालेला असणार. म्हणजे थेट हिवाळा. रागिणीची माणसं दोन वर्षं या दोन तासांसाठी राबली होती.

इंधनाच्या नळीची किरकोळ गळती काढण्यात दीड तास गेला. पावणेनऊला उत्तमरावांनी वायरलेस उचलला. दक्षिणेचा आकडा बरोबर आला, पश्चिमेचा बरोबर, पूर्वेच्या पुंजारामचाही बरोबर. राहिला उत्तर नाका. तिथे कुंदन होता.

"मोकळं हाय काका. सत्तावीस."

उत्तमरावांनी नक्कल पाहिली. उत्तरेच्या यादीत सत्तावीस नव्हताच. तो पूर्वेच्या यादीतला पुढचा आकडा होता.

"कुंदन, कुठी बसला तू?"

"नाक्यावर काका."

"कोणाच्या?"

वायरलेसवरून आवाज आला, "पुंजाराम भाऊपाशी. माह्यावाल्या नाक्यावर झाडच नाही ना काका, डोकं भाजून राहिलं होतं. यादी गाडीच्या डिक्कीत राहिली, म्हणून भाऊच्या यादीतला सांगितला. पण इथून दिसते ना सारं!"

"दिसते त बस मंग तिथंच, दुर्बीण लावून!" उत्तमराव कडाडले. "गाडी काढ. नाक्यावर जाऊन बोल."

रागिणी जवळ आली. "काका, किती वेळ?"

"चक्कर मारून जा लागते. वीस मिनिटं."

"आपल्याजवळ बारा आहेत. आत्ताच ड्रोन फिरवला, चिटपाखरू नाही तिकडे."

"कधी फिरवला?"

"साडेआठला."

"साडेआठचं मोकळं साडेआठलेच कामाचं, मॅडम."

"काका, दोन वर्षं!" तिचा आवाज चढला. "रिकाम्या रस्त्यासाठी काहून अडून राहिले तुमी?"

"रस्ता रिकामा असंन. मले मालूम नाही, एवढंच."

बटणाजवळचा इंजिनियर रागिणीकडे पाहत होता, रागिणी उत्तमरावांकडे. उत्तमराव घड्याळाकडे न पाहता यादीकडे पाहत होते. नऊ वाजले. रागिणीने मान हलवली आणि इंजिनियरने बटणाची किल्ली काढून घेतली.

नऊ वाजून सहा मिनिटांनी कुंदनचा आवाज आला. "चौऱ्याऐंशी. काका, कोणीच नाही इथं. कुत्रंही नाही."

"बरं," उत्तमराव म्हणाले, आणि त्यांनी चौऱ्याऐंशी खोडला.

दुपारी रागिणी अहवाल लिहायला बसली. उड्डाण रद्द होण्याचं कारण एका ओळीत द्यायचं होतं. तिने 'जोराचा वारा' असं लिहिलं, बराच वेळ त्याकडे पाहिलं आणि कागद सहीसाठी उत्तमरावांकडे सरकवला. त्यांनी वाचून पेन खाली ठेवलं.

"वारा नव्हता, मॅडम."

"माहीत आहे." तिने ओळ खोडून लिहिलं : उत्तर नाक्यावर माणूस नव्हता. मग उत्तमरावांनी सही केली.

पुढची तारीख डिसेंबरची मागायची ठरली. नव्या अर्जात रागिणीने नियमांची एक ओळ वाढवली : प्रत्येक नाक्यावर सावलीची सोय असावी. उत्तमरावांनी ती दोनदा वाचली.

"डिसेंबरात सावलीचं काय करता? थंडीनं उठून जाईन पोट्टं. शेकोटी लिहा."

"काका, रॉकेटच्या इंधनाजवळ शेकोटी?"

"अडीच किलोमीटर दूर हाय नाका."

"तरी नको. आगीला बंदी आहे, परवानगीचं पान सात."

उत्तमरावांनी पान सात काढून खात्री केली. बंदी होती.

"मंग कांबळं लिहा," ते म्हणाले.