चिठ्ठी दाखवली की सातशे

आईच्या हृदयातली एक झडप बदललेली आहे. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते आणि दर महिन्याला एक रक्ततपासणी करून घेते. रक्त घट्ट झालं तर झडपेपाशी गुठळी व्हायची भीती, जास्त पातळ झालं तर कुठूनही वाहायची. आयएनआर नावाच्या त्या एका आकड्यावर डॉक्टर गोळी अर्धी की पाऊण ते ठरवतात. त्यामुळे ही तपासणी टाळून चालत नाही.

आणि भाईंदर पश्चिमेला गल्ली बदलली की या तपासणीचा भाव बदलतो. डॉक्टरांच्या दवाखान्याखालच्या लॅबमध्ये सातशे. ट्रस्टच्या लॅबमध्ये अडीचशे, पण सकाळी सातला नंबर लावायचा आणि मशीन चालू असलं तर नशीब. घरी येऊन रक्त नेणारे फोनवर साडेपाचशे सांगतात, अ‍ॅपवरून चारशे, आणि अ‍ॅपमध्ये नवीन मोबाइल नंबर टाकला तर तीनशे. सुई तीच, नळी तीच, आईचं रक्तही तेच! एकदा त्या सातशेवाल्या काउंटरवर मी आवाज चढवला, तेव्हा तिथल्या बाईंनी हळूच विचारलं, "मॅडम, डॉक्टर की चिठ्ठी लाए हो क्या? चिठ्ठी है तो सात सौ. ऐसे ही आए हो तो साढ़े चार सौ कर देती हूँ."

म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलं म्हणून महाग. मधले अडीचशे कुठे जातात हे न कळण्याइतकी मी दूधखुळी नाही. मी तिथल्या तिथे चिठ्ठी घडी करून पर्समध्ये टाकली आणि बाहेर आल्यावर आईला बजावलं, "यापुढे ही बाहेर काढायचीच नाही. तोंडी सांगायचं आणि भाव करायचा."

मी राहते काशीगावला, आई भाईंदरला एकटी. तपासणीच्या दिवशी माझा फोन ठरलेला.

"किती घेतले?"

"साडेतीनशे."

"अगं, मागच्या वेळी तीनशे होते ना? मग बोलली का नाहीस?"

आई लाजायची. पण चार-सहा महिन्यांत ती अशी तयार झाली की लॅबवाले तिला बघून आपणहून पन्नास कमी करायला लागले. मला कोण अभिमान! मैत्रिणींना मी आईचे किस्से सांगायचे.

मागच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला तो विजयी आवाजात. "ऐक, सातशे नव्व्याण्णवमध्ये अठ्ठ्याहत्तर तपासण्या! ज्येष्ठ नागरिकांची स्कीम आहे. घरी येऊन रक्त नेलं, सगळं आलं त्यात." रिपोर्टमध्ये सगळं हिरव्या रंगात आलं म्हणून ती त्या महिन्यात डॉक्टरांकडे गेलीच नाही. मीही "झकास केलंस" म्हणाले आणि फोन ठेवला.

तीन आठवड्यांनी तिच्याकडे गेले तर दंडावर वाटीएवढा काळानिळा डाग. "पिशवी लागली असेल गं," म्हणाली. खोदून विचारलं तेव्हा कळलं, दात घासताना हिरड्यांतून रक्तही येतंय. तशीच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रिपोर्ट मागितला. आईने बारा पानांची रंगीत फाइल ऐटीत पुढे केली. त्यांनी ती एकदा उलटली, मग पुन्हा पहिल्यापासून उलटली. थायरॉइड होतं, लोह होतं, दोन-तीन व्हिटॅमिनं होती. आयएनआर नव्हता.

"मी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं ना?"

"चिठ्ठी दाखवली नाही," आई म्हणाली. "दाखवली की महाग पडतं."

डॉक्टरांनी फाइल मिटून बाजूला ठेवली.

गोळी आजपासून बंद आणि तपासणी आत्ताच्या आत्ता, असं त्यांनी सांगितलं. आम्ही खालच्या लॅबमध्ये गेलो. मी न बोलता सातशे दिले. सुई काढली, पण रक्त थांबेना. बाकावर बसून मी आईच्या हातावर कापूस दाबून धरला आणि माझा तोल सुटला.

"अठ्ठ्याहत्तर तपासण्या मोजल्यास, त्यात आपली एक आहे का तेवढं बघता आलं नाही? जिवावर बेतलं असतं, कळतंय का तुला?"

"मला वाटलं, एवढ्या सगळ्यांत ती असणारच." आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू दर महिन्याला फोन करतेस. पहिलं विचारतेस, किती घेतले. रिपोर्ट काय आला, हे कधी विचारलंस?"

लॅबवाले, त्यांची स्कीम, डॉक्टरांचा कट, सगळ्यांना द्यायच्या शिव्या माझ्या जिभेवर तयार होत्या. मी कापूस जरासा उचलून पाहिला. रक्त अजून येतच होतं. मी पुन्हा दाबून धरला.