ड्रायव्हरकाकांचा हात

डायलिसिसच्या खोलीत सगळे तिला ताईच म्हणायचे, वयाने मोठे असलेले पेशंटसुद्धा. रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राची मोठी सुई तिच्या हातून पहिल्या फटक्यात शिरेत जायची, त्यामुळे आपल्या खुर्चीपाशी तीच यावी असं प्रत्येकाला वाटे. ऑफिसातली बसून करायची जागा तिला देऊ केली होती. गुडघे कुरकुरत असूनही ती नको म्हणाली. तिच्या चर्चमधले लोक याला आत्मत्याग म्हणत. नवऱ्याचं मत वेगळं होतं. तिच्या उपासाच्या दिवशी घरातल्या सगळ्यांनाच उपास घडतो, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

बसून काम करायला तिची ना नव्हती. पण पेशंट चार तास यंत्राला जोडलेला असतो, घाबरलेला असतो, आणि त्याच्याजवळ कुणीतरी असावं असं तिला वाटे. एखाद्याने विषय काढला की ती येशूबद्दल बोलायची. आपलं पहिलं मूल गेलं तेव्हा त्याने आपल्याला कसं सावरलं, ते सांगायची. आवाज चढवायची नाही, पण मागेही हटायची नाही.

पेशंटांपैकी निवृत्त बसड्रायव्हर असलेल्या काकांना हे बोलणं आवडायचं, मुख्यतः वाद घालायला मिळतो म्हणून. तुमचा देव तिकीट बघतो की कुणालाही चढू देतो, असं त्यांनी एकदा विचारलं. कुणालाही, असं ती म्हणाली. मग गाडी तोट्यात जाणार, असं म्हणून काका इतके हसले की यंत्राचा अलार्म वाजला.

काकांच्या मुलाला मात्र यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्याने तक्रार केली आणि ती केल्याचं स्वतः येऊन ताईला सांगितलं.

"तुम्ही वाईट आहात असं मी म्हणत नाही. पण बाबांना उठून जाता येत नाही, ताई. बोलू नका म्हटलं आणि उद्या सुई घालताना तुमचा हात चुकला तर, ही भीती त्यांना नसेल कशावरून?"

हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. डॉक्टरांनी दोन वाटा ठेवल्या. धर्माबद्दल अवाक्षर न काढता सुया घालायच्या, नाहीतर मागच्या खोलीत जाऊन यंत्रांचं पाणी शुद्ध करणारे फिल्टर सांभाळायचे. तिने गप्प राहण्याचा शब्द दिला. त्या रविवारी चर्चमध्ये देवाने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष सगळ्यांपुढे द्यायची वेळ आली तेव्हा ती मान खाली घालून बसून राहिली.

पुढे काकांचं हृदय थकत चाललं. एकदा सुई घालून झाल्यावर त्यांनी तिचं मनगट धरलं.

"मेल्यावर पुढे काय, ते तू गप्प झालीस तेव्हा अर्धवट राहिलं. आज सांगून टाक."

"नंतर बोलू, काका."

"माझ्याकडे नंतर आहे का?"

ती स्टूल ओढून बसली आणि हळू आवाजात तिने सगळं सांगितलं. काकांनी एकदाही वाद घातला नाही, आणि त्यानेच ती जास्त घाबरली. ड्यूटी संपल्यावर डॉक्टरांकडे जाऊन शब्द मोडल्याचं तिने स्वतःच सांगितलं. कुणी ऐकलं नव्हतं, मग मला कशाला सांगता, असं म्हणत डॉक्टर वैतागले. पण ऐकल्यावर त्यांचाही नाइलाज झाला. तिची रवानगी पाण्याच्या खोलीत झाली.

काकांना नवा टेक्निशियन मिळाला. पोरगा मन लावून काम करणारा होता, पण काकांची शीर त्याला दाद देईना. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा दंड कोपरापर्यंत काळानिळा पडला. संध्याकाळी ताईने हे घरी सांगितलं तेव्हा नवरा जेवता जेवता थांबला.

"सोसायचं तू ठरवलंस. सोसतंय कोण?"

दुसऱ्या दिवशी ती काकांच्या मुलाला गाठून बोलली. फक्त सुई घालीन, तोंड उघडणार नाही, असं तिने सांगितलं. त्याने वडिलांच्या हाताकडे पाहिलं आणि आपणच डॉक्टरांना गळ घालून परवानगी मिळवली.

तेव्हापासून काकांच्या डायलिसिसच्या पाळीला ती मागच्या खोलीतून येते, सुई घालते, पट्टी चिकटवते आणि परत जाते. हाताची सूज उतरली आहे. काका प्रश्न विचारतात, आता अगदी सरळ विचारतात, आणि ती त्यांच्याकडे न बघता नळी नीट करत राहते.

हा आत्मत्याग की येशूला नाकारणं, असं तिने चर्चच्या पाळकांना विचारलं. त्यांनी बराच विचार केला आणि आपण प्रार्थना करू या, असं म्हणून डोळे मिटले. ते प्रार्थना करत होते तेवढा वेळ ती डोळे उघडे ठेवून बसली होती. मग कामाची वेळ झाली म्हणून उठली. त्या दिवशी काकांची पाळी होती.