काबाईचं फिजिक्स

लहानपणी ती प्रत्येक गोष्टीला ‘का?’ विचारायची, म्हणून वडिलांनीच तिचं नाव काबाई पाडलं. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. लिफ्ट वर सुटताना पाय जड का होतात, हे तिने इतक्यांदा विचारलं की ते वैतागले. “मला लिफ्ट चालू करता येते. उत्तर द्यायला तू शीक.” तिने ते मनावर घेतलं.

बारावीनंतर फिजिक्ससाठी तिला दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता. एक घराजवळचं छोटं कॉलेज. तिथे फिजिक्सला एकच सर, आणि मुलं बोटांवर मोजण्याइतकी. ती चौकशीला गेली, तर सरांनी तिला अंधाऱ्या खोलीत नेऊन प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या यंत्रापुढे बसवलं. बराच वेळ खटपट केल्यावर एकच वाटणारी पिवळी रेघ हळूच दोन झाली.

“दिसल्या?” सरांनी विचारलं.

तिने मान हलवली, पण यंत्रावरून डोळा काढवेना.

“यंत्रं जुनी आहेत. पण इथे हात लावायला कुणी अडवणार नाही.”

दुसरं होतं परगावचं मोठं विद्यापीठ. मामा म्हणाला, “छोट्या कॉलेजच्या डिग्रीला कोण विचारतं? पुढे संशोधन करायचं तर नाव मोठं हवं.” आईला ते पटलं. वडील म्हणाले, “मला त्यातलं काय कळतं? तुझं तू ठरव.” काबाईने विद्यापीठ निवडलं. मामाने ढकललं असं नाही. मोठ्या नावाची भुरळ तिलाही पडली होती.

तिथे वर्ग नाट्यगृहाएवढा, आणि प्राध्यापक माइकवर बोलायचे. प्रयोगशाळेत यंत्रं नवीकोरी, पण एकेका टेबलाभोवती ही गर्दी. ज्यांचे हात चपळ ते स्क्रू फिरवायचे, काबाई आकडे लिहून घ्यायची. “तुझं अक्षर छान आहे,” असं सांगून तिला तेच काम देत. एकदा तास संपल्यावर ‘असं का?’ विचारायला तिने प्राध्यापकांना गाठलं. ते चालता चालता म्हणाले, “असिस्टंटला विचार.” असिस्टंट म्हणाला, “परीक्षेला नाही ते. सोडून दे.” पुढे तिने विचारणंच सोडलं. फोनवर आईला ती ‘मजेत आहे’ म्हणायची. पहिल्या वर्षी दोन विषय राहिले, तेव्हा घरी सांगितलं की निकाल लागायचाय.

सुट्टीत ती गुपचूप छोट्या कॉलेजात गेली. प्रयोगशाळेच्या खोलीत आता टायपिंग शिकवायचे कॉम्प्युटर मांडले होते. सर स्टाफरूममध्ये कॉमर्सच्या मुलांची गणितं तपासत बसले होते.

“सर, मला इथे यायचंय.”

“कुठे येतेस? फिजिक्स बंद झालं गं.”

“कधी?”

“तू गेलीस त्याच वर्षी. पहिल्या वर्षाला निदान पाच मुलं लागतात. चार होती.”

तिचा चेहरा पाहून सर घाईघाईने म्हणाले, “तुझ्यामुळे नाही. आज ना उद्या बंद व्हायचंच होतं.” हे त्यांनी स्वतःलाही बरेचदा समजावलं असावं.

“आणि यंत्रं?”

“भंगारात गेली. एक घरी नेऊ का म्हणून विचारलं होतं मी. परवानगी मिळाली नाही.”

जायला दुसरी जागा नव्हती, म्हणून ती विद्यापीठात परत गेली आणि कशीबशी डिग्री घेऊन बाहेर पडली. संशोधनाची प्रवेश परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा नापास झाली. आता ती विमा कंपनीच्या तक्रार विभागात आहे. लोक फोनवर ओरडतात आणि ती शांतपणे ऐकून घेते. मामा अजून चारचौघांत भाचीच्या विद्यापीठाचं नाव सांगतो. वडील त्या वेळी उठून आत जातात.

मध्ये एकदा बसस्टॉपवर तिला सर भेटले. निवृत्त झालेले, कानाला यंत्र.

“फिजिक्स चालू आहे ना?”

तिला खरं सांगवलं नाही. “हो सर,” ती म्हणाली.

सर खुलले. शेजारी उभ्या असलेल्या बाईंना म्हणाले, “ही माझी विद्यार्थिनी. मोठी संशोधक होणार.”

तेवढ्यात एक बस आली. ती काबाईच्या घराकडे जाणारी नव्हती. तरी ती चढली, आणि सरांकडे पाठ करून आतल्या बाजूच्या सीटवर जाऊन बसली.