माझे तास तिनं घेतले ते वर्ष

पहिल्यांदा मी तिच्या कपाळावर राख पाहिली तेव्हा मला वाटलं, कुठल्या तरी देवळात जाऊन अंगारा लावून आली असेल. मी शाळेत गणित शिकवत होते आणि ती नुकतीच इंग्रजीसाठी आली होती. अख्ख्या स्टाफरूममध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. तिचे आजोबा नगरकडून ग्वाल्हेरला आलेले, माझ्या सासरचे शिंद्यांच्या फौजेबरोबर कधीकाळी. ती ख्रिश्चन आहे हे मला त्या राखेमुळेच कळलं. त्यांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ त्या बुधवारी सुरू होतो, असं तिनं सांगितलं.

"मग काय सोडलंत?" मी विचारलं. मला या विषयात रस होता, कारण दर चातुर्मासात मी वांगं सोडते आणि चार महिने सगळ्यांना सांगत सुटते. वांगं मला तसंही आवडत नाही, ही गोष्ट वेगळी.

"यंदा टोमणे सोडलेत," ती म्हणाली.

मी खो खो हसले. टोमणे सोडले तर स्टाफरूममध्ये बोलायचं काय, असं मला खरोखरच वाटलं. ती पण हसली. "खाणं सोडणं सोपं असतं ताई. जिभेची सवय आठ दिवसांत जाते. मनातलं नाही जात लवकर, सच सांगते."

पुढे दर वर्षी ती काहीतरी असंच सोडायची. एका वर्षी 'मीच शहाणी' हा भाव सोडला. एका वर्षी लोकांचं बोलणं अर्ध्यात तोडणं. मी वाट पाहत असायची, कधी चुकते ते पकडायला. चुकायचीही. पण तिची एक रीत होती. शाळेत कुणी शिक्षक गैरहजर असला की त्याचे तास बाकीच्यांवर पडतात, त्याला आम्ही अरेंजमेंट म्हणतो. सकाळी शिपाई रजिस्टर फिरवतो आणि त्यात आपलं नाव दिसलं की दिवसभराचा मूड जातो. तर ज्याच्याबद्दल तिच्या मनात वाकडं यायचं, त्याच्या वाट्याला आलेली अरेंजमेंट ती स्वतःवर घ्यायची. त्याचं नाव खोडून शेजारी आपली सही करायची आणि कुणाला कारण सांगायची नाही. मला सांगितलं ते मी खनपटीला बसले म्हणून. खेळाच्या सरांनी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं, त्या आठवड्यात तिनं त्यांचे तीन तास घेतले. सर खूश होऊन समोसे खात बसले. मला तिची कीव आली होती आणि थोडी भीतीही वाटली होती. असं काही आपल्याच्यानं व्हायचं नाही हे मला तेव्हाच कळलं.

मग ते वर्ष आलं. परीक्षेचे दिवस, निम्मे शिक्षक बोर्डाच्या ड्यूटीवर, रोज अरेंजमेंट. आणि माझ्या नावावर रोज तिची सही. पहिल्या आठवड्यात मी म्हटलं, बरं झालं, पाय दुखताहेत. दुसऱ्या आठवड्यातही तेच. तिसऱ्या आठवड्यात मी रजिस्टर हातात घेतलं आणि मागची पानं उलटली. गणिताची बाई मी, बेरीज करायला कितीसा वेळ लागणार? तिनं घेतलेले सगळेच्या सगळे तास माझे होते.

मी तिला तशीच व्हरांड्यात गाठलं. "माझ्यावर राग आहे तुमचा?"

 ती म्हणाली, "नाराज नका होऊ. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुमच्या घरी हळदीकुंकवाला येते मी, दर वर्षी. सगळ्यांना चहा स्टीलच्या पेल्यातून मिळतो. मला फुलांच्या कपातून. नऊ वर्षं झाली. दर वेळी घरी जाताना ठरवते, आता नाही जायचं. मग पुन्हा येते. येण्याचं काही नाही, पण तो राग तसाच राहतो. या वर्षी ठरवलं, हाच सोडायचा."

मला आधी रागच आला, हे कबूल करते. तो कप मी सराफा बाजाराच्या मागच्या दुकानातून मुद्दाम घेतला होता, चांगला महागातला. सासूबाईंनी बजावलं होतं की त्या बाईंचं भांडं वेगळं ठेव. मला ते पटत नव्हतं आणि त्यांच्याशी भांडायची हिंमतही नव्हती. म्हणून मी शक्कल लढवली. वेगळाच द्यायचा तर सगळ्यांत सुंदर द्यावा, म्हणजे सासूबाईंचं राहील आणि पाहुणीला मान दिल्यासारखं होईल. स्वतःच्या या हुशारीवर मी इतकी खूश होते की नवऱ्यालाही ती किती वेळा ऐकवली होती. त्यांनी ऐकून मान हलवली होती, त्यांचं नेहमीचंच.

दौलतगंजला घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात सगळा दोष सासूबाईंवर टाकून मोकळी झाले होते. मग मागच्या मोरीत गेले. वर फळीवर तो कप एकटा उपडा ठेवलेला होता, बाकीच्या भांड्यांपासून दूर. आणि माझ्या डोक्यात आलं की सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. सहा वर्षं या घरात मला सांगणारं कुणी नव्हतं. दर वेळी तो कप मोरीत वेगळा घासून त्या फळीवर मीच ठेवत होते.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाक केला नाही. नवऱ्यानं कचोऱ्या आणल्या, मी पाणी पिऊन उठले. लाज वाटत होतीच, पण त्याहून जास्त काहीतरी वाटत होतं, ज्याला मला अजून नीट शब्द नाही. एक बाई नऊ वर्षं सगळं समजून माझ्या दारात येते, माझ्या मुलाच्या बारशाला, आजारपणाला, सणाला. आणि राग आला की मला दुखवण्याऐवजी माझे तास घेते, दमून घरी जाते. मी तिच्या बाजूला बसून डबा खात होते आणि मला वाटत होतं की मी तिला ओळखते. त्या माणसासमोर मी फार लहान आहे, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, "माझं चुकलं. सासूबाईंचं नाही, माझं."

तिनं मान डोलावली. "राग माझा होता ताई, तो मी सोडतेय. तुमचं काय ते तुमच्याकडे बघा." आवाजात कडवटपणा नव्हता. पण तिनं मला स्वस्तात सोडलंही नाही.

"ईस्टरला तुमच्याकडे जेवायला येते," मी म्हटलं.

"उपवास नसेल ना?"

हा प्रश्न मला लागला, कारण तिच्या घरी मी चार-पाचदा गेले होते आणि प्रत्येक वेळी पानावर बसायची वेळ आली की माझा उपवास निघायचा. कधी गुरुवार, कधी चतुर्थी, कधी नुसतीच अ‍ॅसिडिटी. एकदा तर मी पाणीही नको म्हटलं होतं.

ईस्टरच्या रविवारी बाड्याच्या चौकातून टेम्पो धरून मी मुरारला तिच्या घरी गेले. मुद्दाम सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. ती पुऱ्या तळत होती. मी स्वयंपाकघरातच स्टूल ओढून बसले आणि सांगून टाकलं, "मी मटण खात नाही, बाकी जे घरच्यांना वाढाल ते मला वाढा. त्यांच्याच ताटात."

ती हसली आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातून एक कापडी पिशवी काढली. आत एक कढई, एक पातेलं, एक झारा आणि एक ताट. कढईच्या बुडावर दुकानाचं लेबल अजून चिकटलेलं होतं.

"हे कशाला?"

"तुम्ही पहिल्यांदा येणार होता ना, तेव्हा आणलं होतं," ती म्हणाली. "आमच्याकडे अंडं, मटण सगळं होतं. त्याच भांड्यातलं तुम्हाला चालणार नाही, म्हणून वेगळं ठेवलं. याला दुसरं काही लागू दिलं नाही."

नऊ वर्षं ती कढई गॅसवर चढली नव्हती. वेगळं भांडं मीही ठेवलं होतं.

"मला कधी सांगितलं नाहीत ते?" मी विचारलं.

"तुम्ही भूक घेऊन आलाच नाहीत कधी."

ती पुन्हा पुऱ्यांकडे वळली. मी डोळे पुसले, हात धुतले आणि तिच्या मुलांच्या रांगेत जाऊन बसले. दोनदा मागून घेतलं.