ब्राउझरमधला रुसवा

कडूबादादा आयुष्यात कधी रुसले नाहीत. आमच्याकडे हा गुण धरत नाहीत. लग्नकार्यात ज्याचं तोंड वाकडं, त्याच्याभोवती माणसं गोळा होतात. त्याला कोपऱ्यातून हाताला धरून आणतात, नारळ देतात, टॉवेल-टोपी देऊन मान करतात. त्या वेळी दादा पाण्याच्या ड्रमपाशी असत, नाहीतर पाण्याचा जग घेऊन पंगतीतून फिरत असत. टोप्या कमी पडल्या की कुणीतरी म्हणे, "दादांचं राहू द्या, दादा तर घरचेच आहेत." दादा मान डोलवत आणि पुढच्या पंगतीला मीठ वाढायला घेत.

मूळचे पिशोरचे. वाळूजच्या एका कारखान्यात खोकी बांधण्यात उमर गेली. आता पुंडलिकनगरात दोन खोल्या, दगडाबाई आणि नळाच्या पाण्याची वाट बघणं, एवढाच संसार. मूलबाळ नाही. धाकटा भाऊ राजेंद्र, त्याची सायली, तिच्यावर मात्र दादांचा जीव. तिची सायकल मागून धरून ते अख्खं पुंडलिकनगर पळाले होते.

तर या सायलीला पाचोडच्या इंद्रजीतचं स्थळ आलं. म्हणजे तिनंच आणलं. मुलगा देखणा, घरचं बरं, फक्त धंदा विचित्र. तो गेम बनवायचा. त्यात पुष्कळ माणसं एकाच वेळी शिरतात, कुणी सरदार होतं, कुणी वैद्य, कुणी राक्षस, आणि सगळे मिळून एका राज्यात नांदतात. काही डाउनलोड करायचं नाही. लिंक दाबली की ब्राउझरमध्येच राज्य उघडतं.

सायलीच्या भावानं, अभयनं, इथं काडी टाकली. "पप्पा, एवढा गेम ब्राउझरमध्ये चालतच नसतो. माणसं वाढली की हँग. हा धंदा बसणार."

राजेंद्र हा कूलर घेतानाही दुकानात बसून दिवसभर चालवून बघणारा माणूस. त्यानं पाचोडकरांना स्पष्ट कळवलं, "कुंकवाचा कार्यक्रम तुमच्या गेमातच करू. दोन्हीकडचे समदे पाव्हणे येतील. एक जरी पाव्हणा हँग झाला, तर सोयरीक मोडली समजा." आणि पाचोडकर हो म्हणाले! पोरगं अडून बसलं असणार.

सायली दादांकडे आली ती डोळे पुसतच. "मोठेबाबा, तुम्ही तरी नीट खेळा हां."

"मी काय वाकडं करतोय," दादा म्हणाले. "माझं कुटं काय अस्तंय."

दादांकडे अभयचा टाकून दिलेला कॉम्प्युटर होता. तो सुरू करून द्यायला इंद्रजीतचा भागीदार नोमान आला. दगडाबाईंच्या हातचा चहा पिऊन त्यानं जाताना बजावलं, "अंकल, कुच्छ डाउनलोड करना नक्को. बस ये टॅब छोडके दूसरे में मत जाओ. पीछे गया तो ब्राउझर उसको सुला देता, फिर तुम उधर पुतले के माफिक खडे रह जाते."

रविवारी दुपारी कार्यक्रम भरला. ज्याला जो अवतार आवडला तो त्यानं घेतला. पिशोरच्या आत्याबाईंनी राक्षस घेतला, दिसायला दणकट म्हणून. राजेंद्र सोनेरी चिलखताचा सरदार झाला. विहीणबाईंच्या वाट्याला चेटकीण आली, पण त्याबद्दल एक शब्द काढायची कुणाची छाती नव्हती. सगळ्यांचं घेऊन झाल्यावर एकडोळ्या लाकूडतोड्या उरला होता, तो दादांनी घेतला. गेमातही सवयीनं ते विहिरीपाशी जाऊन उभे राहिले.

आता नशीब बघा. आत्याबाईंचा राक्षस किल्ल्याच्या दारात अडकला होता, त्यामुळं सगळे खोळंबले होते. तेवढ्यात दगडाबाई ओरडल्या, "अहो, गल्लीच्या ग्रुपावर बघा, पाणी सुटलं का!" दादांनी दुसरा टॅब उघडून ग्रुप बघितला. पाणी सुटलं होतं. या शहरात पाणी सुटलं म्हटल्यावर माणूस ताटावरून उठतो, तिथं गेमाचं काय! दादा पाइप घेऊन पळाले आणि मोटर लावून ड्रम भरायला लागले. नोमाननं काय सांगितलं होतं ते त्यांच्या डोक्यातून साफ उतरलं.

इकडे किल्ल्यात राक्षस सुटला, कुंकवाचं ताट निघालं आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की लाकूडतोड्या विहिरीकडे तोंड करून, खांद्यावर कुऱ्हाड टाकून, एकटाच उभा आहे. हाक मारली. हलेना. आत्याबाईंनी जवळ जाऊन राक्षसाच्या आवाजात "कडूबा, ए बाबा" केलं. तरी नाही. कुळात असा उभा राहिलेला माणूस ओळखायला वेळ लागत नाही. बातमी तटातटानं फिरली, की दादा रुसले!

मोठा गहजब झाला. सरदार, वैद्य, दोन अस्वलं असा सगळा मेळा विहिरीवर आला. विहीणबाई स्वतः झाडूवरून उतरून विनवायला लागल्या. पण अभय गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. "रुसले-बिसले काय नाय. मोठेबाबा हँग झालेत. म्हणलं नव्हतं मी?"

सोनेरी सरदार जागच्या जागी थांबला. नेमक्या त्याच वेळी दादा ओल्या हातानं परत आले, टॅब उघडला, माइकवाला हेडफोन कानाला लावला आणि बघतात तर आपल्याभोवती अख्खं गणगोत.

"हलले, हलले," आत्याबाई ओरडल्या.

राजेंद्रचा आवाज आला, कोर्टात विचारावं तसा. "दादा, खरं सांगा. तुम्ही रुसला व्हता का हँग झाला व्हता?"

दादांना टॅब, नोमान, पाणी, सगळं एका झटक्यात आठवलं. खरं सांगावं तर सायलीचं मोडतं. कोपऱ्यात तिची हरिणी उभी होती, अजिबात न हलता. खोटं बोलायची सवय नव्हती आणि रुसायची तर त्याहून नव्हती.

"रुसलो व्हतो," दादा म्हणाले.

"बघा!" आत्याबाईंना कोण आनंद झाला. "कशापायी रं बाबा?"

हे दादांनी ठरवलंच नव्हतं. त्यांनी जवळचं कारण पकडलं. "मला ह्यो एकडोळ्या ठिवला. इचारलं बी नाय कुणी."

एवढ्यावर भागलं असतं. पण दादांचं तोंड एकदा उघडलं ते मिटेना. "राजेंद्र, तुज्या लग्नाच्या अल्बमात माझा निस्ता हात हाय. जग धरलेला. तुज्या वास्तुशांतीला टोपी कमी पडली, तवा माझीच कशी कमी पडली? दर बारीला घरचेच, घरचेच. अरं, घरच्या माणसाला डोकं नसतंय व्हय?"

माइकमध्ये त्यांचा आवाज फाटला. स्वयंपाकघरातला मिक्सर बंद झाला आणि दगडाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनीही हे ऐकलं नव्हतं.

किल्ल्यात सोनेरी सरदार पुढं आला. राजेंद्रला वाकून पाया पडायचं होतं, पण बटण चुकलं आणि तो दादांपुढं उंच उंच उड्या मारायला लागला. उड्या मारता मारताच त्याचा रडवेला आवाज येत होता, "दादा, चुकलं माझं. लई चुकलं." गेमात टोपी नव्हती. इंद्रजीतनं घाईघाईनं एक लोखंडी शिरस्त्राण काढून दिलं, ते सगळ्यांसमोर लाकूडतोड्याच्या डोक्यावर चढलं, आणि अस्वलांनी टाळ्या वाजवल्या. कुंकू लागलं. पाव्हणा एकही हँग झाला नाही, असं सर्वांनुमते ठरलं. अभयचं कुणी ऐकलं नाही.

दादांनी कॉम्प्युटर बंद करायच्या आतच सायलीचा फोन आला. ती हळूच बोलत होती.

"मोठेबाबा, खरं सांगा. टॅब झोपला होता ना?"

"झोपला व्हता, पोरी."

तिकडून हुंदका आला का हसू, ते दादांना नीट कळलं नाही. "माझ्यासाठी खोटं बोललात तुम्ही."

"टॅबाचं खोटं बोल्लो," दादा म्हणाले. "पण रुसलो व्हतो, ते खरंच हाय."

"कधीपासून?"

बाहेर ड्रम भरून वाहायला लागला होता. दादांनी डोक्यावरून एकदा हात फिरवला.

"तुज्या बापाच्या लग्नापासून," ते म्हणाले, आणि मोटर बंद करायला उठले.