अळणी पेज

माझी थोरली नणंद, ताई, आमच्याकडे पेणला राहायला आली, त्याला दोनेक महिने झाले होते. रोह्याला तिचे यजमान अचानक गेले. मूलबाळ नाही. दिवसकार्य उरकल्यावर सासूबाईच तिला घेऊन आल्या. आल्यापासून ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. जेव म्हटलं की जेवायची, ऊठ म्हटलं की उठायची. मला ते बघवत नव्हतं आणि खरं सांगायचं तर रागही यायचा. गेलेल्या माणसामागं जिवंतपणीच जायचं म्हणजे काय!

शेवटी मी तिच्या हातात क्रोशाची सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा दिला. लग्नाआधी तिनं विणलेले रुमाल आमच्या घरात अजून आहेत. दोनचार दिवसांत हात चालू लागला. मग मी तिला न विचारताच पनवेलच्या एका दुकानवाल्या बाईंना नाताळच्या झाडावर टांगायच्या चांदण्या द्यायचं कबूल करून टाकलं. ती विणत राहिली. एक दिवस आपणहून म्हणाली, "वहिनी, छोट्या घंटा पण करून बघू?" मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

चांदणी नुसती विणून भागत नाही, ती लुळी राहते. खळीत बुडवून, थर्माकोलवर टाचण्यांनी ताणून कडक वाळवावी लागते. खळीचं काम सासूबाईंनी मागून घेतलं. तांदळाची पेज शिजवून गाळायची, एवढंच. गुरुवारी उन्हात चांदण्या पापडासारख्या कडक वाळल्या आणि आम्ही त्या दोरीला टांगल्या.

शुक्रवारी दुपारी त्या बाई गाडी घेऊन येणार होत्या. सकाळी उठून बघते तर बाहेर दाट धुकं आणि दोरीवर सगळ्या चांदण्या ओल्या फडक्यासारख्या लोंबत होत्या. मी आधी धुक्याच्या नावानं बोटं मोडली. ताई माझ्या मागं येऊन उभी राहिली.

"जाऊ दे, वहिनी. माझ्या हाताला यशच नाय," ती म्हणाली आणि सुई डब्यात ठेवून आत गेली.

माझी पाचावर धारण बसली. चांदण्या गेल्या असत्या तर मी त्या बाईंची बोलणी खाल्ली असती, त्याचं काही नाही. पण ताई आता पुन्हा भिंतीकडे वळली तर तिला उठवायला माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. घाईघाईत एक सुटलेला दोरा दातानं तोडायला गेले आणि जीभ खारट झाली. दुसरी चांदणी चाखली. तीही खारट. मिठाला दमट हवेत पाणी सुटतं हे खाडीकाठच्या माणसाला कोणी सांगायला नको.

"आई, खळीत मीठ घातलंत?"

"व्हय, घातलं."

"का पण? प्यायची होती काय ती?" माझा आवाज चढला.

सासूबाईंचाही चढला. "अळणी भात कधी शिजवतात, ठावं नाय तुला? पिंडाला शिजवतात. रोह्याच्या घरात शिजला तेवढा पुरे झाला. माझ्या लेकीच्या कामाला मी अळणी शिजवणार नाय."

दोन महिन्यांत ताईसमोर त्या दिवसांचा विषय कोणी काढला नव्हता. ती दारात उभी राहून सगळं ऐकत होती, हे आम्हाला तेव्हा दिसलं. मला सासूबाईंचा राग आला आणि त्यांची कीवही आली. आता ही पडणार ती उठायचीच नाही, असं वाटलं.

ताई पुढं आली. दोरीवरच्या चांदण्या काढून तिनं बादलीत कोमट पाण्यात टाकल्या. तांदूळ धुतले, गॅसवर पातेलं चढवलं. पेजेला कढ आला तसा सासूबाईंचा हात सवयीनं मिठाच्या बरणीकडं गेला. ताईनं तो धरला. मग चमच्यानं थोडी पेज घेतली, फुंकर मारून चाखली.

"अळणी लागते, आई. बाकी काय नाय." तिनं चमचा खाली ठेवला. "ते गेलेत. तू मीठ घातलंस तरी गेलेत आणि नाय घातलंस तरी गेलेत. ही पेज चांदण्यांची हाय."

तिच्या तोंडून 'गेलेत' हा शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकला. बाहेर ऊन पडायला लागलं होतं. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला, बरणी मागं सारली आणि गाळणं पातेल्यावर धरलं.